रक्तात आधीपासूनच होती: इंटरफेरॉनविरोधी प्रतिपिंडांचं एक प्रकरण

९८७ रुग्णांपैकी १०१. कोविडच्या पहिल्या लाटेत जिवावर बेतणारा न्यूमोनिया झालेल्या लोकांचं रक्त तपासताना हा आकडा हाती आला आणि २४ सप्टेंबर २०२० रोजी ‘सायन्स’ या नियतकालिकाने तो जाहीर केला. या १०१ जणांच्या रक्तात त्यांच्या स्वतःच्याच इंटरफेरॉनला, म्हणजे विषाणू शिरल्याचा इशारा देणाऱ्या पदार्थाला, निकामी करणारी प्रतिपिंडं (अँटीबॉडी) होती. तोच संसर्ग होऊनही ज्यांना काहीच झालं नाही किंवा सर्दी-तापावर निभावलं, अशा ६६३ जणांत असा एकही माणूस सापडला नाही. महासाथीच्या आधी रक्त देऊन ठेवलेल्या १,२२७ निरोगी लोकांत मात्र चार सापडले.

बातम्या झाल्या त्या १०१ जणांच्या. मला या प्रकरणात जास्त विचार करायला लावतात ते हे चार. त्यांना कुठलाही आजार नव्हता. कोणत्याही डॉक्टरने तपासलं असतं, तर ‘सगळं ठीक आहे’ असंच सांगितलं असतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं. तरीही त्यांच्या शरीराची विषाणूंविरुद्धची पहिली फळी बव्हंशी मोडलेली होती. मग अशा माणसाला निरोगी म्हणायचं का? हे प्रकरण मांडायचं कारण हा प्रश्न आहे, कोविड नव्हे.

इंटरफेरॉनचं काम आधी थोडक्यात. १९५७ मध्ये लंडनच्या मिल हिल इथल्या प्रयोगशाळेत अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांना दिसलं, की विषाणूशी गाठ पडलेल्या पेशी असा काही पदार्थ बाहेर सोडतात, जो इतर पेशींना विषाणूला दाद देऊ देत नाही. त्यालाच त्यांनी इंटरफेरॉन हे नाव दिलं. गावात दरोडेखोर शिरल्यावर पहिल्या घराने दवंडी पिटावी आणि बाकीच्यांनी दारं लावून घ्यावीत, असं हे काम. पहिल्या प्रकारच्या इंटरफेरॉनचे माणसात सतरा उपप्रकार आहेत: अल्फाचे तेरा, शिवाय बीटा, ओमेगा, एप्सिलॉन आणि कॅपा. ते शेजारच्या पेशींवरच्या एकाच ग्राहकाला (रिसेप्टरला) जाऊन चिकटतात आणि त्या पेशीतली शेकडो जनुकं जागी होतात. विषाणूला ओळखून नेमका त्याच्याच विरुद्ध प्रतिपिंड तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवरचे दिवस इंटरफेरॉनने निभावून न्यायचे असतात.

संशय कसा आला

जाँ-लॉराँ कासानोव्हा हे पॅरिसच्या नेकर रुग्णालयाच्या परिसरातल्या इमाजिन संस्थेत आणि न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात काम करणारे बालरोगतज्ज्ञ. जंतू तोच असताना शंभर मुलं खेळत राहतात आणि एकच मूल मरणाच्या दारात का पोहोचतं, हा प्रश्न ते अनेक वर्षं धरून बसले आहेत. उत्तर ते जनुकांत शोधत आले. सगळ्यांच्या ओठांवर फोड आणणारा साधा नागीणवर्गीय विषाणू एखाद्याच मुलाच्या मेंदूला सूज का आणतो, यामागे इंटरफेरॉनच्या वाटेवरच्या एकेका जनुकातला दोष असू शकतो, हे त्यांच्या गटाने २००६ आणि २००७ मध्ये दाखवून दिलं होतं. २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमधल्या हेलन सू यांच्यासोबत त्यांनी कोविडसाठी जगभरातल्या जनुकशास्त्रज्ञांचा एक संघ उभा केला.

जनुकांचा शोध वाया गेला नाही. त्याच दिवशी, त्याच नियतकालिकात आलेल्या दुसऱ्या निबंधात ६५९ गंभीर रुग्णांपैकी २३ जणांत, म्हणजे साडेतीन टक्क्यांत, इंटरफेरॉन तयार होण्याच्या किंवा त्याला प्रतिसाद देण्याच्या वाटेवरची जनुकं बिघडलेली आढळली. पण साडेतीन टक्के म्हणजे फारच थोडे. ज्यांची जनुकं शाबूत होती त्यांच्याही बाबतीत इंटरफेरॉनचं काम दुसऱ्या एखाद्या कारणाने बंद पडलं असेल का? कासानोव्हांच्या प्रयोगशाळेतले पॉल बास्तार यांनी रुग्णांच्या रक्तद्रवात (प्लाझ्मात) इंटरफेरॉनला चिकटणारी प्रतिपिंडं शोधली आणि ती १३५ जणांत मिळाली. पुढची पायरी महत्त्वाची होती. प्रतिपिंड चिकटतं, एवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही. चिकटून ते इंटरफेरॉनचं काम थांबवतं का? त्या कसोटीला १०१ जणांची प्रतिपिंडं उतरली. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना इंटरफेरॉन देऊन सार्स-कोव्ह-२ या कोविडच्या विषाणूपासून वाचवता येत होतं, पण सोबत या रुग्णांचा रक्तद्रव घातला की ते संरक्षण नाहीसं व्हायचं.

१०१ पैकी ५२ जणांत अल्फा-२ आणि ओमेगा दोन्ही निकामी होत होते, ३६ जणांत फक्त अल्फा-२ आणि १३ जणांत फक्त ओमेगा. बीटाविरुद्धची प्रतिपिंडं क्वचितच दिसली. पुढे उपचारांचा विचार करताना ही फट कामाला येणार होती. १०१ पैकी ९५ पुरुष होते. निम्म्याच्या आसपास लोक ६५ वर्षांच्या पुढचे होते, आणि निबंध लिहून होईपर्यंत त्यांतले ३७ जण दगावले होते.

आधी की नंतर?

इथे कोणत्याही शंकेखोर वाचकाने हात वर करायला हवा. गंभीर आजारात प्रतिकारयंत्रणा भडकलेली असते, मग ही प्रतिपिंडं आजारानेच निर्माण केली नसतील कशावरून? महासाथीच्या काळात ‘रुग्णांत अमुक आढळलं’ छापाचे शेकडो निबंध आले आणि त्यांतले बरेचसे याच ठिकाणी घसरले.

या प्रकरणाचा पाया मजबूत आहे, कारण उत्तर एका नव्हे, अनेक बाजूंनी आलं. काही रुग्णांचं कोविडच्या आधी घेतलेलं रक्त उपलब्ध होतं आणि त्यात ती प्रतिपिंडं आधीपासूनच होती. जनुकांचा तो दुसरा निबंधही इथे साक्षीला येतो. जनुकातला दोष जन्मापासूनचा असतो, तो विषाणू निर्माण करू शकत नाही. इंटरफेरॉनची वाट जनुकाने अडवली काय किंवा प्रतिपिंडाने अडवली काय, शेवट तोच झाला. दोन वेगळ्या रस्त्यांनी एकाच ठिकाणी पोहोचता आलं, तर ते ठिकाण खरोखर तिथे आहे असं मानायला हरकत नाही.

सर्वांत बोलका पुरावा मात्र एका दुर्मिळ आजाराच्या रुग्णांनी दिला. एपीएस-१ हा आजार एअर नावाच्या जनुकातल्या दोषामुळे होतो. छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत टी पेशींची, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची, शाळा भरते. तिथे त्यांना शरीरातल्या निरनिराळ्या अवयवांची प्रथिनं दाखवली जातात आणि आपल्याच प्रथिनावर धावून जाणाऱ्या पेशी काढून टाकल्या जातात. ती प्रथिनं तिथे दाखवण्याचं काम एअरमुळे होतं. एअर बिघडलं की नको त्या पेशी सुटतात आणि पुढे अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल), परावटू (पॅराथायरॉइड) अशा ग्रंथींवर हल्ला होतो. फिनलंड, सार्डिनिया बेट आणि इराणी ज्यू समाज यांत हा आजार त्या मानाने जास्त आढळतो. २००६ मध्येच लक्षात आलं होतं, की या रुग्णांपैकी जवळपास सगळ्यांच्या रक्तात लहानपणापासून इंटरफेरॉनविरोधी प्रतिपिंडं असतात, इतकी हमखास की निदानाची खूण म्हणून ती वापरली जाऊ लागली.

आणि तरीही चौदा वर्षं ती निरुपद्रवी समजली गेली! कारण या मुलांना विषाणूंचे आजार फार जास्त होताना दिसत नव्हते. मग कोविड आला. आंतरराष्ट्रीय पातळीवर संसर्ग झालेल्या २२ एपीएस-१ रुग्णांची माहिती जमवली गेली. त्यांतल्या १९ जणांना न्यूमोनियासाठी रुग्णालयात ठेवावं लागलं, १५ जणांना आयसीयूत, आणि चौघे दगावले. त्यांतले बरेच जण तरुण होते. आपण तपासलेल्या परिस्थितीत काही झालं नाही, यावरून कोणत्याच परिस्थितीत काही होणार नाही असा निष्कर्ष काढला गेला होता. वैद्यकात ही चूक वारंवार होते आणि ती सहजासहजी ध्यानात येत नाही, कारण पुढची परिस्थिती येईपर्यंत निष्कर्ष बरोबरच ठरत राहतो.

मग इतर विषाणूंपुढे ही माणसं कशी टिकली? संशोधकांचं स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे. बहुतेकांत ही प्रतिपिंडं उतारवयात येतात. तोवर गोवर, कांजिण्या, फ्लू, सर्दीचे नाना विषाणू यांच्याशी गाठ पडून गेलेली असते आणि त्यांची आठवण ठेवणाऱ्या पेशी तयार असतात. ओळखीच्या शत्रूसाठी पहिल्या दिवसांची सोय नसली तरी चालून जातं. सार्स-कोव्ह-२ कोणाच्याच ओळखीचा नव्हता.

चौतीस हजार निरोगी लोक

चार माणसांवरून काही सांगता येत नाही, म्हणून २०२१ मध्ये याच गटाने संसर्ग न झालेल्या ३४,१५९ लोकांचं रक्त तपासलं. इंटरफेरॉनची मोठी मात्रासुद्धा निकामी करणारी प्रतिपिंडं १८ ते ६९ या वयात ०.१८ टक्के लोकांत मिळाली, ७० ते ७९ मध्ये १.१ टक्के आणि ८० च्या पुढे ३.४ टक्के. आधीच्या चाचणीत वापरलेली इंटरफेरॉनची मात्रा शरीरात प्रत्यक्ष असते त्यापेक्षा बरीच जास्त होती. तिच्या शंभराव्या हिश्शाएवढी मात्रा घेऊन १०,७७८ जणांचं रक्त पुन्हा पाहिलं, तर प्रमाण आणखी वर गेलं: सत्तरीच्या आत १ टक्का, सत्तर ते ऐंशीत २.३ आणि ऐंशीनंतर ६.३ टक्के.

म्हणजे ऐंशी ओलांडलेल्या साधारण सोळा आजी-आजोबांमागे एक. याला दुर्मिळ म्हणता येणार नाही. त्याच निबंधात ३,५९५ अत्यवस्थ रुग्णांपैकी १३.६ टक्के आणि दगावलेल्या १,१२४ जणांपैकी १८ टक्के लोकांत ही प्रतिपिंडं होती. कोविडने झालेल्या एकूण मृत्यूंपैकी सुमारे एक पंचमांश मृत्यूंमागे ती असावीत, असा त्यांचा हिशेब आहे. म्हाताऱ्या माणसांना कोविड जास्त का भोवला याचं उत्तर आपण ‘वय झालं’ या दोन शब्दांत उरकत आलो. त्या दोन शब्दांतला एक तुकडा या निबंधाने सोडवून दाखवला.

आता उलट बाजू. २०२२ मध्ये याच माहितीवरून मृत्यूचा धोका मोजला गेला. अल्फा-२ किंवा ओमेगा निकामी करणारी प्रतिपिंडं असलेल्या चाळिशीच्या आतल्या माणसाला, लस येण्याआधीच्या काळात, संसर्गातून मृत्यू येण्याची शक्यता ०.१७ टक्के होती. ऐंशीच्या पुढे २६.७ टक्के. दोन्ही इंटरफेरॉन निकामी होत असतील, तर ऐंशीच्या पुढे ती ४०.५ टक्क्यांवर जायची. हे आकडे भयंकर आहेत यात शंका नाही. पण ते दुसऱ्या बाजूनेही वाचता येतात: सर्वांत वाईट गटातही निम्म्याहून जास्त लोक वाचले. प्रतिपिंड असणं म्हणजे ललाटलेख नव्हे. विषाणू किती प्रमाणात शिरला, बीटा इंटरफेरॉन किती शिल्लक होतं, नाकातल्या आवरणात काय चाललं होतं, आधीची लस होती की नाही, यांवर बरंच काही ठरतं.

मग एएनएचं काय?

हे वाचून कोणी उद्याच प्रयोगशाळेत जाऊन ‘माझी स्वप्रतिपिंडं (स्वतःच्याच शरीराविरुद्धची प्रतिपिंडं) तपासा’ म्हणेल, म्हणून थोडं थांबून दुसऱ्या एका चाचणीबद्दल लिहितो. आपल्याकडे सांधेदुखी, थकवा, केसगळती अशा कुठल्याही तक्रारीवर हल्ली एएनए ही चाचणी सर्रास लिहून दिली जाते. पेशीच्या केंद्रकातल्या घटकांना चिकटणारी प्रतिपिंडं ती शोधते आणि ल्यूपससारख्या, प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते अशा आजारांत तिचा उपयोग होतो. पण १९९७ मध्ये पंधरा प्रयोगशाळांनी मिळून निरोगी लोकांचे नमुने तपासले, तेव्हा चाळीस पट पातळ केलेल्या रक्तद्रवात ३१.७ टक्के निरोगी माणसं ‘पॉझिटिव्ह’ आली. ऐंशी पट पातळ केल्यावर १३.३ टक्के, एकशे साठ पट केल्यावर ५ आणि तीनशे वीस पट केल्यावरही ३.३ टक्के. या लोकांना काहीही झालेलं नव्हतं.

यात आश्चर्य नाही. पॉल एर्लिख यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलं होतं, की शरीर स्वतःविरुद्ध हत्यार उचलणं कटाक्षाने टाळतं. ते तत्त्व म्हणून सुंदर आहे, पण प्रत्यक्षात हत्यारं घडतच असतात. २००३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका गटाने निरोगी माणसांच्या अस्थिमज्जेतल्या नुकत्याच जन्मलेल्या बी पेशी (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी) एकेक करून तपासल्या, तर त्यांतल्या ५५ ते ७५ टक्के पेशींची प्रतिपिंडं शरीराच्याच कुठल्या तरी घटकाला चिकटत होती. पुढच्या टप्प्यांवर बहुतेक चाळून काढल्या जातात, सगळ्या नाही. निरोगी माणसाच्या रक्तात स्वप्रतिपिंडं असणं हा अपवाद नसून नियम आहे, आणि प्रत्येकाचा साठा वेगळा असतो.

त्याच वेळी दुसरं टोकही खरं आहे. अमेरिकी संरक्षण खात्याने सैनिकांचे रक्तनमुने वर्षानुवर्षं गोठवून ठेवले आहेत. २००३ च्या एका अभ्यासात, ज्यांना पुढे ल्यूपस झाला अशा १३० सैनिकांचे जुने नमुने काढून पाहिले, तेव्हा ११५ जणांत निदानाच्या आधीच कुठलं ना कुठलं प्रतिपिंड होतं, काहींत तर नऊ वर्षांहून आधी. म्हणजे काही लोकांत ही प्रतिपिंडं येऊ घातलेल्या आजाराची चाहूल असतात आणि अनेक पटींनी जास्त लोकांत कशाचीच नसतात. कोण कुठल्या गटात आहे हे एएनएचा एकटा कागद सांगू शकत नाही. तक्रार नसताना ती चाचणी करून घेण्यात माझ्या मते पैशांपेक्षा झोपेचं नुकसान जास्त होतं.

इंटरफेरॉनच्या प्रकरणाचं वेगळेपण इथे कळतं. एएनए चिकटणं मोजते. बास्तार यांनी काम थांबणं मोजलं. पहिल्या प्रश्नाला निरोगी जगात लाखो ‘हो’ मिळतील, दुसऱ्याला फार थोडे, आणि त्या थोड्यांचा अर्थ लावता येतो.

जुन्या कागदांतले धागे

एकदा कुठे पाहायचं ते कळल्यावर जुने कागद निराळे दिसू लागतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, पॅरिसजवळ इंटरफेरॉनवर काम करणारे आयन ग्रेसर आणि त्यांचे सहकारी यांनी नागीण झालेल्या एका वृद्ध बाईच्या रक्तात इंटरफेरॉनविरोधी प्रतिपिंडं असल्याचं नोंदवलं होतं. नोंद छापली गेली आणि पडून राहिली. एका रुग्णावरून कोण काय म्हणणार!

पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लशीची गोष्ट तर मला या सगळ्यात सर्वांत चुटपुट लावणारी वाटते. ही लस १९३० च्या दशकापासून वापरात आहे आणि तिच्यासाठी मॅक्स थायलर यांना १९५१ चं नोबेल मिळालं. आफ्रिकेतल्या अनेक देशांत जायचं तर आपल्याकडूनही ती घेऊनच निघावं लागतं. त्यात जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. कोट्यवधी लोकांना काही होत नाही, पण अगदी क्वचित एखाद्याच्या शरीरात तोच विषाणू बेफाम वाढतो आणि खऱ्या पीतज्वरासारखं अवयव निकामी होणं सुरू होतं. २००४ मध्ये अशा २३ प्रकरणांचा आढावा घेताना लक्षात आलं, की चौघांची थायमसची गाठ पूर्वी काढलेली होती. तेव्हापासून थायमसचा विकार असलेल्यांना ही लस देऊ नये असा नियम झाला. नियम बरोबर होता, पण त्यामागची यंत्रणा अंधारात होती. थायमसच्या गाठीच्या रुग्णांत इंटरफेरॉनविरोधी प्रतिपिंडं असतात हे १९९० च्या दशकात माहीत झालेलं होतं. दोन माहित्या दोन वेगळ्या शाखांच्या नियतकालिकांत शेजारी-शेजारी पडून होत्या. २०२१ मध्ये लशीची अशी गंभीर प्रतिक्रिया आलेल्या आठ जणांचं रक्त तपासलं गेलं आणि त्यांतल्या तिघांत ही प्रतिपिंडं मिळाली. साठीनंतर ही लस जपून द्यावी असं फार आधीपासून सांगितलं जातं. वयाबरोबर प्रतिपिंडं कशी वाढतात ते वर पाहिलंच. त्या सावधगिरीमागचं निदान एक कारण ते असावं.

पुढच्या दोन-तीन वर्षांत यादी लांबत गेली. फ्लूच्या जीवघेण्या न्यूमोनियात सुमारे ५ टक्के रुग्णांत ही प्रतिपिंडं निघाली. डासांमुळे पसरणाऱ्या वेस्ट नाइल विषाणूने मेंदूला सूज आलेल्या रुग्णांत हे प्रमाण तब्बल ४० टक्क्यांच्या आसपास निघालं, आणि तो संसर्ग झालेल्या बहुसंख्य लोकांना तर ताप आल्याचंही कळत नाही. कोविडपेक्षाही इथे नातं जास्त घट्ट दिसतं.

थायमसचा धागा मात्र सगळीकडे निघतो. एअरचा दोष थायमसमध्ये. गाठ थायमसची. एक्स गुणसूत्रावरच्या एका जनुकातल्या दोषामुळे मुलींच्या त्वचेवर जन्मतः पट्टे उठवणाऱ्या एका आजारात थायमसची घडण बिघडलेली असते आणि त्या स्त्रियांपैकी सुमारे एक चतुर्थांशांत ही प्रतिपिंडं मिळतात. मूळ १०१ मधल्या मोजक्या स्त्रियांपैकी एकीला हाच आजार होता. आणि म्हातारपण: थायमस तारुण्यापासूनच आक्रसत जातो, साठीपर्यंत त्याची बरीचशी जागा चरबीने घेतलेली असते.

वयाचा मुद्दा स्वित्झर्लंडमधल्या एका अभ्यासाने २०२४ मध्ये आणखी स्पष्ट केला. एचआयव्हीवर नीट उपचार चालू असलेल्या १,८७६ लोकांचे ३५ वर्षांतले साठवलेले नमुने तिथे उपलब्ध होते. त्यांतल्या सुमारे १.९ टक्के लोकांत केव्हा तरी इंटरफेरॉनविरोधी प्रतिपिंडं उगवली, सरासरी त्रेसष्टीच्या आसपास. एकदा आली की ती गेली नाहीत, उलट दशकागणिक वाढत गेली. ज्यांच्यात ती आली त्यांच्या रक्तात आधीपासून इतर स्वप्रतिपिंडंही जास्त होती, आणि ती उगवण्याच्या सुमारास विषाणूसंसर्ग झाल्याच्या किंवा इंटरफेरॉन वाढल्याच्या खुणा होत्या. म्हणजे आधी चाळणी ढिली होते, मग एखाद्या तापात इंटरफेरॉनचा पूर येतो, आणि सुटून राहिलेली एखादी पेशी नेमकी त्यालाच पकडते. हे चित्र मला आजवरच्या सर्व स्पष्टीकरणांत सर्वांत जुळणारं वाटतं. पुरुषांत प्रमाण इतकं जास्त का, याला मात्र ते पुरं पडत नाही.

आज हातात काय आहे

रुग्णांच्या खाटेजवळ या शोधाचा उपयोग अजून मर्यादितच आहे. निकामी करणारी प्रतिपिंडं मोजायची चाचणी पेशी वाढवून करावी लागते आणि ती मोजक्या संशोधन प्रयोगशाळांतच होते. २०२१ मध्ये फ्रान्समध्ये चार अत्यवस्थ रुग्णांचा रक्तद्रव बदलून पाहिला गेला. प्रतिपिंडांची पातळी उतरली, पण चार रुग्णांवरून उपचार ठरत नाही. बीटाची फटही वापरून पाहिली गेली. त्वचेवर पट्टे उठवणाऱ्या त्या आजाराच्या एका रुग्ण स्त्रीला संसर्गाच्या सुरुवातीलाच इंटरफेरॉन बीटा दिलं गेलं आणि ती सुखरूप राहिली. ‘सुरुवातीलाच’ हा शब्द इथे कळीचा आहे. विषाणू फुप्फुसभर पसरल्यावर इंटरफेरॉन देऊन उपयोग होत नाही, उलट दाह वाढण्याची भीती असते.

बरे झालेल्यांच्या रक्तद्रवाचाही मुद्दा होता. २०२० मध्ये महाराष्ट्रासह देशभर प्लाझ्मा मिळवण्यासाठी धावाधाव चालली होती. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर केलेल्या प्लॅसिड चाचणीत त्याने आजार बळावणं किंवा मृत्यू टळले नाहीत. त्या अपयशाचं खापर या प्रतिपिंडांवर फोडायला काही आधार नाही. पण गंभीर आजारातून उठलेल्या पुरुषांचा रक्तद्रव दुसऱ्याला देताना त्यात इंटरफेरॉन निकामी करणारं काही नाही ना, एवढं पाहून घ्यावं, ही पॅरिसच्या गटाची सूचना रास्त होती.

लशीबाबत बातमी बरीच चांगली आहे. ही प्रतिपिंडं असलेल्यांना कोविडची लस नेहमीसारखीच लागू पडते, कारण त्यांची आठवणीची यंत्रणा शाबूत असते. ती जागी झाली, की पहिल्या दिवसांची उणीव बरीचशी भरून निघते, पूर्ण मात्र नाही. लस घेऊन, तिच्यामुळे चांगली प्रतिपिंडं तयार होऊनही ज्यांना प्राणवायू लागेल इतका न्यूमोनिया झाला, अशा ४२ रुग्णांपैकी दहा जणांत इंटरफेरॉनविरोधी प्रतिपिंडं निघाली.

म्हणून सरसकट सगळ्यांची तपासणी करावी असं मी म्हणणार नाही. थायमसची गाठ निघालेले, एपीएस-१ असलेले, काही कारण नसताना एखाद्या विषाणूने अत्यवस्थ करून सोडलेले, आणि साठीनंतर पहिल्यांदाच पीतज्वराची लस घ्यायला निघालेले, एवढ्यांपुरती ती परवडणारी आणि लवकर उत्तर देणारी झाली तरी पुष्कळ. पॉझिटिव्ह निघालेल्याला सांगण्यासारखं आज तरी इतकंच आहे: जिवंत विषाणूंच्या लशी विचारून घ्या, बाकीच्या वेळेवर घ्या, आणि ताप आला तर विषाणूविरोधी औषधासाठी चौथ्या दिवसाची वाट न पाहता पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.